निदान खोडून पाहा: ॲडल्ट हेल्थ नर्सिंगच्या सरावप्रश्नांची तपासणी

परीक्षेसाठी तुम्ही वापरत असलेल्या प्रश्नसंचातला कुठलाही एक 'प्रसंगाधारित' प्रश्न समोर घ्या. बहुतेक तो असा असेल: श्रीमती अमुक, वय ५५, मायोकार्डियल इन्फार्क्शनमुळे आयसीयूत दाखल. (अ) व्याख्या लिहा. (आ) पॅथोफिजिऑलॉजी स्पष्ट करा. (इ) नर्सिंग मॅनेजमेंट लिहा. आता पहिली ओळ पेन्सिलने खोडा. उत्तरात काय बदलले? काहीच नाही. श्रीमती अमुक ५५ वर्षांच्या असोत की ८० वर्षांच्या, त्यांना मधुमेह असो की नसो, तुम्ही तीच चार पाने लिहिणार. रुग्ण फक्त शोभेला आहे. हा आजारावरचा प्रश्न आहे, रुग्णावरचा नाही.

व्याख्या आणि पॅथोफिजिऑलॉजी विचारू नये असे मी म्हणत नाही. ती यायलाच हवी. माझी तक्रार एवढीच की अशा प्रश्नाला 'क्लिनिकल जजमेंटचा सराव' म्हणू नये, कारण जजमेंटचा भाग प्रश्न काढणाऱ्याने आधीच उरकलेला असतो. निदान दिलेले आहे, महत्त्वाच्या खुणा निवडून दिलेल्या आहेत, बिनमहत्त्वाच्या गाळून टाकलेल्या आहेत. तुमच्याकडे आठवण्याचे काम तेवढे उरते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात 'मेडिकल-सर्जिकल नर्सिंग' हे जुने नाव बदलून तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात 'ॲडल्ट हेल्थ नर्सिंग' आले. पॅथोफिजिऑलॉजी वेगळी न ठेवता त्यातच मिसळली. रुग्णाच्या शरीरात आत काय चालले आहे हे कळले तर बाहेर दिसणाऱ्या खुणांचा अर्थ लावता येतो, अशी त्यामागची दिशा दिसते, आणि ती योग्य आहे. पण बाजारातल्या प्रश्नसंचांपैकी बऱ्याच जणांनी फक्त मुखपृष्ठावरचे नाव बदलले.

मग जजमेंट म्हणजे नेमके काय? ख्रिस्टिन टॅनर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात चार क्रिया आहेत: लक्षात येणे, अर्थ लावणे, प्रतिसाद देणे, मागे वळून पाहणे. अमेरिकेच्या परवाना परीक्षेने, म्हणजे एनक्लेक्सने, १ एप्रिल २०२३ पासून जे नवे रूप घेतले, त्यामागच्या प्रतिमानात सहा पायऱ्या आहेत: खुणा ओळखा, त्यांचा अर्थ लावा, शक्यतांचा क्रम लावा, उपाय सुचवा, कृती करा, परिणाम तपासा. परदेशी जायचे नसले तरी या पायऱ्या उपयोगी आहेत. पण तुमच्या पुस्तकातला प्रश्न यातल्या कितव्या पायरीपासून सुरू होतो, ते पाहा. बहुसंख्य प्रश्न थेट पाचवीवर उभे असतात: 'पहिली कृती कोणती?' मधल्या पायऱ्या कुणी चढलेल्याच नसतात.

एक प्रश्न मी रचून दाखवतो. प्रसंग काल्पनिक आहे, जागा मुद्दाम म्हैसूरची घेतली आहे: कुवेंपुनगरातल्या एका रुग्णालयाचा फीमेल मेडिकल वॉर्ड. तुम्ही बेळगावची किंवा सोलापूरची, तिथे शिकणारी विद्यार्थिनी आहात. परीक्षा इंग्रजीत, विचार मराठीत आणि रुग्ण कन्नड बोलणारा.

सकाळचे ९ वाजलेत. ६४ वर्षांच्या बाई, टाइप २ मधुमेह, उजव्या पायाला सेल्युलायटिस, दाखल होऊन दुसरा दिवस. केस शीटवर: ७ वाजता ३०/७० इन्सुलिन दिले. पोटाची सोनोग्राफी आहे म्हणून उपाशी ठेवले आहे. सोनोग्राफी अजून झालेली नाही. औषधांच्या यादीत मेटोप्रोलोल आहे. रात्री नीट झोप नाही. गुडघे दुखतात. नाडी ७६, बीपी १२६/७४, श्वसन २०, ऑक्सिजन ९६ टक्के, ताप ९९.८ फॅरनहाइट. मुलगा बिलाबद्दल काउंटरवर वाद घालून आत्ताच आला आहे आणि म्हणतो, आई आज उत्तरे सावकाश देते. उशी ओली आहे. बाई म्हणतात, 'सुस्तु आग्तिदे.'

इथेच पहिली खूण हातून निसटू शकते. आपल्या मराठीत सुस्ती म्हणजे आळस, पेंग, जेवणानंतर येते ती. कन्नडमधले 'सुस्तु' म्हणजे थकवा, गळून जाणे. मराठी कानाने ऐकाल तर 'रात्री झोप नाही, म्हणून पेंगत आहेत' अशी साखळी डोक्यात तयार होईल आणि ती इतकी पटेल की ओल्या उशीकडे लक्षच जाणार नाही. सोबतीला नाडी ७६ आहे, तीही दिलासा देते. पण मेटोप्रोलोल हे बीटा-ब्लॉकर आहे. साखर उतरली की होणारी धडधड आणि थरथर ते झाकते; घाम मात्र झाकत नाही. म्हणजे या बाईंच्या बाबतीत ७६ ही नाडी काहीच सांगत नाही आणि ओली उशी बरेच सांगते. आणि म्हैसुरात सकाळी कुणीही कुणाला सहज विचारते तो 'तिंडी आय्ता?', म्हणजे नाश्ता झाला का, हा प्रश्न इथे तपासणीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ठरतो. इन्सुलिन घेऊन दोन तास, पोटात काही नाही.

आता पर्याय. (अ) पायाचा संसर्ग वाढला असावा म्हणून डॉक्टरांना कळवून ब्लड कल्चरची तयारी करणे. (आ) लगेच ग्लुकोमीटरवर शुगर पाहणे. (इ) विश्रांती देऊन तासाभराने पुन्हा पाहणे. (ई) साखरेचे पाणी पाजणे. उत्तर 'आ', हे तुम्हाला आले असेल. पण फक्त 'आ' बरोबर, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. 'ई' मूर्खपणाचा नाही. ग्लुकोमीटर जवळ नसेल, तो शोधण्यात वेळ जाणार असेल आणि बाई शुद्धीवर राहून नीट गिळत असतील, तर तोच बरोबर ठरतो. 'अ' चुकीचा नाही, फक्त आत्ता पहिला नाही. 'इ' मात्र धोक्याचा आहे. चांगल्या प्रश्नातले चुकीचे पर्याय असे वेगवेगळ्या कारणांनी चुकीचे असतात, आणि ती कारणे उत्तराच्या यादीत लिहिलेली हवीत. ज्या संचात शेवटच्या पानावर नुसते '१-आ, २-ई, ३-अ' असते, तो संच सरावासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. पैसे वाचवा.

क्लासमध्ये सांगितले जाणारे नियमही इथेच तपासून घ्या. 'असेसमेंटचा पर्याय दिसला की तोच निवडा', 'आधी एअरवे, मग ब्रीदिंग, मग सर्क्युलेशन'. एम्सच्या नॉरसेटसारख्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, तेव्हा असा नियम हाताशी असणे सोयीचे वाटते, हे समजू शकते. पण वरच्या प्रश्नात 'आ' बरोबर आहे तो असेसमेंट आहे म्हणून नव्हे. इन्सुलिन, रिकामे पोट, घाम आणि बीटा-ब्लॉकर हे चारही एका दिशेला बोट दाखवतात म्हणून. हीच बाई बेशुद्ध पडून झटके देत असती, तर आधी बीपी मोजत बसण्याला कुणी शहाणपणा म्हटले नसते.

प्रसंग इथे संपवला तर तो चांगला एमसीक्यू झाला असता, इतकेच. शुगर ५४ निघते. बाई गिळू शकतात, म्हणून साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार लहान चमचे, पाण्यातून देता. १५ मिनिटांनी शुगर ११२. घाम थांबला. तुम्ही केस शीटवर नोंद करता, निदान सापडल्याचे समाधान वाटते.

९.४० ला पुन्हा पाहता. शुगर ११८. पण बाई विचारतात की आपण कुठे आहोत. श्वसन २४, ऑक्सिजन ९४ टक्के, नाडी ९६, बीपी १०८/६४, ताप १०१. रात्रीपासून लघवी फारच थोडी.

माझ्या मते खरा प्रश्न इथे सुरू होतो. साखरेचे स्पष्टीकरण इतके नेटके बसले होते की उरलेला गोंधळ 'अजून सावरत आहेत' म्हणून खपवायचा मोह होतो. शुगर ११८ असताना तो खपत नाही. मघाशी दुसऱ्या क्रमांकावर ठेवलेला 'अ' आता पहिला आहे: पायातला संसर्ग रक्तात पसरतो आहे का, सेप्सिस आहे का? ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा न्यूज-२ हा गुणतक्ता लावून पाहा. श्वसन २४ चे २, ऑक्सिजन ९४ चा १, बीपी १०८ चा १, नाडी ९६ चा १, ताप १०१ चा १ आणि नव्याने आलेल्या गोंधळाचे ३. एकूण ९. सात किंवा अधिक म्हणजे तातडीची हाक. नाडी ९६ ला तक्ता एकच गुण देतो, कारण बाई मेटोप्रोलोलवर आहेत हे तक्त्याला माहीत नसते. तुम्हाला माहीत असते.

एनक्लेक्सच्या नव्या केस स्टडीत प्रसंग असाच पुढे सरकतो, एका केसवर सहा प्रश्न असतात, आणि हा त्या परीक्षेचा मोठा गुण आहे. तरी तिलाही डोळे मिटून मान देऊ नका. प्रत्येक प्रश्न एका पायरीवर बेतलेला असल्याने 'आता खुणा निवडा', 'आता क्रम लावा' हे पडदाच तुम्हाला सांगतो. वॉर्डात असे कुणी सांगत नाही. शिवाय तिथला प्रश्न एका पलंगापुढे उभा राहून सोडवायचा असतो. आपल्याकडे त्याच वेळी शेजारच्या पलंगावरची सलाईन संपत आलेली असते आणि नातेवाईक हाका मारत असतात. भाषेची खूण तर त्या प्रश्नांत सहसा येतच नाही. ज्यांच्या नावावरून हा भाग ओळखला जातो त्या कुवेंपूंनी शिक्षण मातृभाषेतून व्हावे असा आग्रह धरला होता. रुग्ण आपले दुखणे कुठल्या भाषेत सांगतो हा विचार आपल्या इंग्रजी प्रश्नपत्रिकांच्या कडेलाही फिरकलेला नाही.

तेव्हा विकतच्या संचावर अवलंबून न राहता क्लिनिकल पोस्टिंगमधल्या तुमच्याच केअर प्लॅनमधून प्रश्न तयार करा. नाव, गाव, नोंदणी क्रमांक, ओळख पटेल असे सगळे काढा. वय थोडे बदलले तरी चालेल. निदान पहिल्या ओळीतून काढून टाका. रुग्णाचे शब्द त्याच्या भाषेत जसेच्या तसे ठेवा. किमान दोन तपशील असे ठेवा जे खरे आहेत पण निर्णयाला लागत नाहीत, जसे वर गुडघे आणि बिल. मग एक आकडा बदलून पाहा: वरच्या प्रश्नात पहिली शुगर ५४ ऐवजी १४० निघाली असती तर क्रम बदलला असता का? बदलत असेल तर प्रश्न जमला. मैत्रिणीला देताना पर्याय झाकून द्या आणि आधी तीन शक्यता कागदावर लिहायला सांगा. पर्याय दिसले की डोके शोधायचे थांबते आणि निवडायला लागते.

वरच्या प्रसंगाचा तिसरा टप्पा मी मुद्दाम लिहिलेला नाही. ९.४५ ला तुम्ही ड्युटी डॉक्टरांना फोन लावता. ते दुसऱ्या वॉर्डात आहेत आणि म्हणतात, 'शुगर नॉर्मल आली ना, मग बघतो थोड्या वेळाने.' पुढची तीन वाक्ये तुम्ही फोनवर काय बोलाल, ती लिहा.