मेणवलीचा वाडा : वास्तुदर्शनाची एक मर्यादा

प्रस्तावना : ऐतिहासिक वास्तू पाहण्याची सवय बहुधा दर्शनी भागापाशीच थांबते. सोलापुरातील अप्पासाहेब वारद यांचे इंद्रभुवन या सवयीस साजेसे आहे. पुढे महानगरपालिकेचे कार्यालय झालेली ही भव्य इमारत जणू पाहणाऱ्यासाठीच नटलेली आहे. मराठी वाड्यास मात्र हा निकष लावता येत नाही.

विवेचन : वाईजवळ कृष्णाकाठी वसलेले मेणवली हे गाव १७६८ मध्ये नाना फडणवीसांना इनाम मिळाले. तेथील त्यांचा वाडा बाहेरून अबोल वाटतो. त्याचे खरे वास्तुसौंदर्य सहा चौकांच्या क्रमात आहे. चौक उजेड व वारा देतो, तसेच कोणी कोठवर यावे हेही ठरवितो. वाड्यांच्या परंपरेत बाहेरच्या चौकात कारभार, तर आत देवघर, माजघर व स्त्रियांचा वावर असे. आजचा पर्यटक सर्वत्र विनाअडथळा फिरतो. साहजिकच त्या क्रमातील मज्जाव त्यास जाणवत नाही. 'स्वदेस' (२००४) सारख्या चित्रपटांमुळे येथील घाट सर्वपरिचित झाला. परंतु घाट, मेणेश्वराचे मंदिर, वसईच्या १७३९ च्या विजयातून आलेली तेथील पोर्तुगीज घंटा आणि वाडा हे एकाच रचनेचे घटक होत, याचे भान सुटते.

निष्कर्ष : केवळ लाकूडकाम व भित्तिचित्रे यांच्या दुरुस्तीने वाड्याचे जतन पूर्ण होत नाही. कोणता चौक कोणासाठी खुला व कोणासाठी बंद होता, हेही दर्शकास सांगितले पाहिजे. ते न सांगता दाखविलेला वाडा वैभव दाखवितो. त्यामागील समाजव्यवस्था मात्र झाकून ठेवतो.