वाटी, चमचा आणि अंदाज
(मराठी पाकग्रंथ आणि आपले घर : एक परामर्श)

पाकशास्त्राच्या पुस्तकाचे परीक्षण या अंकात पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. कविता, कथा, चरित्र यांच्या पंक्तीला पोहे आणि पुरणपोळी कशाला, असा प्रश्न आम्हांसही पडला होता. परंतु गेली काही वर्षे धर्मग्रामातील घरोघरी जाताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे. पवित्र शास्त्राच्या खालोखाल कोणते मराठी पुस्तक घराघरांत खरोखर उघडले जाते, असे विचारले तर त्याचे उत्तर फळीवर तेलाचे डाग घेऊन उभे असते. जे पुस्तक इतक्या हातांनी हाताळले जाते, ज्यावर विसंबून चार माणसांच्या पोटाची सोय होते, त्याच्या भाषेचा आणि वृत्तीचा विचार साहित्याच्या अभ्यासकाने करू नये, हे आम्हांस पटत नाही.

मराठीतील छापील पाकग्रंथांची परंपरा बरीच जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु पाकग्रंथ सर्वसामान्य मराठी घरात खऱ्या अर्थाने नांदू लागला तो १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’मुळे. लेखिकेचे शालेय शिक्षण जेमतेम चौथीपर्यंतचे. पण पुस्तकाच्या प्रती लाखाच्या वर खपल्या आणि लाखांवर सुनांची सासू असा त्यांचा कौतुकाने उल्लेख होऊ लागला. त्या विनोदात समीक्षेचे एक सूत्र दडलेले आहे. त्याकडे आम्ही पुढे येऊच.

‘रुचिरा’चे मोठेपण एका साध्या निर्णयात आहे : मापासाठी वाटी आणि चमचा. शेर, पावशेर, तोळा ही मापे १९५६ च्या कायद्यानंतर हळूहळू बाजारातून गेली आणि किलोग्रॅम आले. जुन्या पुस्तकांची मापे नव्या सुनेला उमगेनात. नवी मापे घ्यावीत तर घरात तराजू नाही. शिवाय नोकरीच्या निमित्ताने मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांत संसार थाटलेल्या मुलीच्या शेजारी सासूही नव्हती आणि आईही नव्हती. अशा वेळी ओगलेबाईंनी तिच्या हातात तिच्याच घरातील वाटी दिली. वाटी लहान असो की मोठी, एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी हे नाते बदलत नाही. माप घराचे आणि प्रमाण पुस्तकाचे, अशी ही वाटणी आहे. धर्मशास्त्राचे विद्यार्थी म्हणून आम्हांस त्यात शहाणपण दिसते. नियम सर्वांसाठी एक असावा, पण तो ज्याने त्याने आपल्या भांड्याने मोजावा.

आता या ग्रंथांच्या भाषेकडे वळू. पाककृतीची मराठी ही एक विलक्षण मराठी आहे. तेल तापवावे, मोहरी घालावी, तडतडली की कांदा परतावा, झाकण ठेवून वाफ आणावी. सगळी क्रियापदे विध्यर्थी. आणि कर्ता कोठेच नाही. कांदा कोणी परतावा? वाफ कोणी आणावी? पुस्तक ते सांगत नाही, कारण त्याने ते गृहीत धरलेले आहे. ‘सुनांची सासू’ या गौरवाचा अर्थ इथे उलगडतो. हे पुस्तक सुनेशी बोलते. घरातील पुरुष, मुले, म्हातारी माणसे यांना या व्याकरणात एकच जागा आहे, ती म्हणजे ताटापाशी. हा दोष एकट्या ‘रुचिरा’चा नव्हे. तो त्या काळच्या घराचा दोष आहे, आणि पुस्तकाने घराचे प्रामाणिक चित्र काढले एवढेच. परंतु चित्र प्रामाणिक आहे म्हणून घर निर्दोष ठरत नाही.

या ठिकाणी आम्ही आमचाही कबुलीजबाब देतो. मातृदिनाच्या प्रवचनांत आईच्या हाताच्या चवीची स्तुती आम्ही पुष्कळ वेळा केली आहे. मंडळी गहिवरतात, प्रवचन यशस्वी होते. पण त्या चवीमागे पहाटे साडेचारला पेटणारा गॅस आहे, हे आम्ही क्वचितच सांगितले. ‘आज काहीतरी नवीन करून पाहू’ हे वाक्य घरात उच्चारले जाते तेव्हा ‘पाहू’ या बहुवचनात खरोखर किती जण असतात, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही.

पाकग्रंथांची दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. पक्वान्नांना ते भरभरून पाने देतात. परंतु ज्या अन्नावर माणूस आजारपणात, दुःखात, परीक्षेच्या रात्री, मयतीहून परतल्यावर जगतो त्या अन्नाविषयी ते फारसे बोलत नाहीत. गुरगुट्या भात, त्यावर मेतकूट आणि तुपाची धार. उकड्या तांदळाची पेज आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील. चुलीवर सावकाश शिजलेली मुगाची खिचडी. हे येतेच प्रत्येकीला, ते काय लिहायचे, असा त्यामागचा विचार असावा. आम्हांस तो चुकीचा वाटतो. बासुंदी बिघडली तर सण थोडा फिका होतो. तापाने फणफणलेल्या मुलाची पेज बिघडली तर ते मूल उपाशी राहते. शिवाय सर्वांना येते असे मानून जे लिहिले जात नाही, तेच एका पिढीत नाहीसे होते.

हे आम्ही पुस्तकी विधान म्हणून करीत नाही. २०२० सालच्या मार्चअखेरीस टाळेबंदी आली. देवळांची दारे बंद झाली. १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण लोकांनी घरात, मोबाइलच्या पडद्यासमोर बसून साजरा केला. वेदीपासून दुरावलेल्या कुटुंबांना त्या दिवसांत एकच मेज उरले होते, ते म्हणजे जेवणाचे. घराघरांत नवनवीन पदार्थ होऊ लागले. त्यांतील बरेचसे हौसेचे होते, आणि हौसेत वाईट काही नाही. परंतु एका घरातील प्रयोग हौसेचा नव्हता.

त्या घरातील आई वर्षभरापूर्वीच प्रभूच्या घरी गेली होती. मागे वडील, कॉलेजात जाणारा मुलगा आणि शाळकरी मुलगी. वडिलांना चहापलीकडे काही येत नव्हते. टाळेबंदीत डबा देणारी बाईही बंद झाली. तेव्हा त्यांनी फळीवरचे ‘रुचिरा’ काढले, आणि त्याच्या आत ठेवलेली आईची शंभरपानी वहीही. पुस्तकावरून केलेली खिचडी दुसऱ्याच प्रयत्नात उत्तम जमली, असे त्यांनी पुढे आम्हांस सांगितले. वाटी-चमच्याने आपले वचन पाळले. मग त्यांना हवा झाला तो आईचा सोड्यांचा रस्सा. वहीत तो चार ओळींत होता. वहीचे ते पान आम्ही त्यांच्या परवानगीने वाचले : ‘सोडे मूठभर. नारळ अर्धा. मसाला आपला. चिंच अंदाजे. धाकटीचे आधी काढून मग तिखट.’

समीक्षकाने थांबावे अशी ही चार ओळींची संहिता आहे. पाकशास्त्राच्या दृष्टीने ती जवळजवळ निरुपयोगी आहे. मूठ कोणाची? अंदाज कोणाचा? ‘मसाला आपला’ म्हणजे कोणता? वसईपासून मुंबईपर्यंतच्या ख्रिस्ती घरांत पावसाळ्यापूर्वी मसाला कुटून तो काचेच्या बाटल्यांत दाबून भरण्याची रीत आहे. ईस्ट इंडियन घरांत तर बॉटल मसाला हेच त्याचे नाव. तरी दोन घरांचा मसाला कधी एक नसतो. पुस्तकाने ज्या ज्या ठिकाणी नेमकेपणा आणला असता त्या त्या ठिकाणी ही वही मौन पाळते. उलट पुस्तक ज्याविषयी मौन पाळते ते ती सांगते. ‘धाकटीचे आधी काढून’ या तीन शब्दांत घरातील एक लहान मूल, त्याची तिखट न सोसणारी जीभ आणि त्याची आठवण ठेवणारा हात एवढे सारे आहे. इथे कर्ता गळालेला नाही. तो दिसत नाही, पण कोणासाठी रांधतो आहोत हे त्याला ठाऊक आहे.

रस्सा पहिल्या तीन वेळा फसला. एकदा सोडे न भिजवल्याने चामट झाले, एकदा चिंच इतकी पडली की मुलीने ताट सरकवले. त्यानंतर जे घडले ते आम्हांस महत्त्वाचे वाटते. तिघे एकत्र बसले आणि प्रत्येकाने आपापल्या वाट्याची आठवण पुढे ठेवली. चिंचेचे बुटुक सोलून देण्याचे काम वडिलांकडे असे; ते सुपारीएवढे असायचे, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. मसाला पडला की आई मागची खिडकी उघडायची आणि नारळाचे वाटण त्यानंतर यायचे, हे मुलीला आठवले. सोडे रात्रीच भिजत असत, कारण अभ्यास करून पाणी प्यायला उठलेल्या मुलाने ते वाडगे ओट्यावर पाहिले होते. एकाही माणसाकडे संपूर्ण कृती नव्हती. ती घरभर विखुरलेली होती.

चौथ्या खेपेचा रस्सा आईसारखा झाला का? नाही, असे तिघांचेही मत पडले. पण तो जेवण्याजोगा झाला. मुलाने आईच्या ओळींखाली नव्याने लिहिले : सोडे अर्धी वाटी, नारळाचे वाटण एक वाटी, चिंच सुपारीएवढी, तिखट पाऊण चमचा, आणि कंसात, आई जास्त घालायची. वर अंदाज आणि खाली वाटी, असे ते पान आज आहे. मराठी पाकग्रंथाच्या दीडशे वर्षांच्या वाटचालीत आम्ही वाचलेले हे सर्वांत पूर्ण पान होय, असे म्हणताना आम्ही अतिशयोक्ती करीत नाही.

आता आपल्या समाजाविषयी. ‘रुचिरा’ प्रामुख्याने शाकाहारी आणि तिची चव देशावरच्या पांढरपेशा घरातील. मंगला बर्वे यांचे ‘अन्नपूर्णा’ही अनेक ख्रिस्ती घरांत आम्ही पाहिले आहे. बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशनने आपल्या समाजाचे पाकपुस्तक काढले, पण ते इंग्रजीत. म्हणजे वसईच्या वाडीत मराठीत वा बोलीत प्रार्थना करणारी आई आपला स्वयंपाक मात्र दुसऱ्याच्या पुस्तकात शोधते किंवा दुसऱ्या भाषेत. अलीकडे मोबाइलवरील चित्रफितींनी तिची सोय केली आहे. त्यांची हेटाळणी आम्ही करणार नाही. हात कसा फिरतो हे त्या दाखवतात, जे पुस्तकाला कधीच जमले नाही. परंतु त्यांतील माणूस हजारोंसाठी रांधतो, आणि हजारांत कोणाचीही धाकटी नसते.

यावर काही जण म्हणतील, जुने तेच जपा, नवे पदार्थ हवेत कशाला? या मताशीही आम्ही सहमत नाही. ताडीने फुगणारे फुगे काय, व्हिनेगरमधले सोरपोतेल काय, कधीतरी कोणीतरी परक्याकडून शिकूनच ते आपल्या चुलीवर आले. ज्या मिरचीवाचून आपला मसाला होत नाही ती पोर्तुगीजांच्या काळात समुद्रापलीकडून आली. नवे करून पाहणे हीच आपली परंपरा आहे. पदार्थ नवा की जुना, हा वाद आमच्या लेखी दुय्यम आहे. तो एकीने करून चौघांनी खाल्ला की चौघांनी मिळून केला, हे आम्हांस पाहायचे आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या १९६४ च्या संविधानात कुटुंबाला जणू घरगुती ख्रिस्तसभा म्हटले. हा शब्द आपण विवाहाच्या प्रवचनात वापरतो आणि विसरतो. पवित्र शास्त्र मात्र स्वयंपाकाला विसरत नाही. जीव नकोसा होऊन रानातल्या झुडपाखाली निजलेल्या एलियाला देवदूताने आधी उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे त्याच्या उशाशी ठेवले, आणि तेही दोनदा. पुनरुत्थित प्रभूने रात्रभर श्रमलेल्या शिष्यांसाठी किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव केला, त्यावर मासळी ठेवली आणि त्यांना न्याहारीला बोलावले. त्या न्याहारीत रांधणारा स्वतः प्रभू होता. आमच्या घरांतील पुरुषमंडळींनी हा उतारा सावकाश वाचावा.

पाकग्रंथाच्या या परामर्शातून आम्ही एकच मागणी करतो. प्रत्येक घराने एक वही घालावी. त्यात वाटी-चमच्याने मोजून कृती लिहावी. कारण अंदाज हा अंदाज करणाऱ्याबरोबर जातो. पण त्याच पानावर ती कोणासाठी केली, कोणाचे आधी काढून ठेवले, चिंच कोणी सोलली हेही लिहावे. अक्षर घरातील प्रत्येकाचे असावे. आणि ज्या घरातील आई आज हयात आहे, तिने मूठभर म्हटले की तिची मूठ वाटीत रिती करून मोजून घ्यावी. हे काम पुढच्या सणावर ढकलू नये.