दोन मोटारी आणि एक साडू

पुस्तकाचं परीक्षण लिहायला ते विकत घ्यावं लागत नाही, आणि काही परीक्षणं वाचताना तर असं वाटतं की ते वाचावंही लागत नसावं. मग मोटारीचं परीक्षण करायला पदरी मोटार कशाला हवी? माझ्याकडे ती नाही. मी चिंचवडगावात मोरया गोसावींच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर राहतो, बँकेत चालत जातो, आणि आमच्या गल्लीची रुंदी अशी की समोरून गाय आली तर दोघांपैकी एकाला समजूतदारपणा दाखवावा लागतो. बहुधा मीच दाखवतो. तरीसुद्धा एक नव्हे, दोन मोटारींचं परीक्षण करायला मी बसलो आहे, त्याला कारण आमचे साडूभाऊ.

साडू म्हणजे एकाच सासुरवाडीच्या खात्यावरचे दोन जामीनदार. त्यातले आमचे साडूभाऊ मोठे. भोसरीच्या एमआयडीसीत त्यांचं प्रेस टूल बनवण्याचं वर्कशॉप आहे, नऊ कामगार आहेत आणि मोठ्या कंपन्यांकडे अडकलेली बिलं आहेत. मी बँकेतला कारकून. हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. नाव तीन शब्दांचं झालं. खुर्ची तीच, डावीकडे कलणारी. मात्र मी बी.कॉम. असल्यामुळे पैशांतलं मला कळतं, असा सासुरवाडीत एक जुना गैरसमज आहे आणि तो दूर करण्याची घाई मी कधी केलेली नाही.

तर गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या सप्टेंबरात, गणपती उठले आणि साडूभाऊंचा फोन आला. “मर्सिडीज घेतोय. जीएलए. येऊन बघ.”

मी विचारलं, “का?”

‘का’ हा प्रश्न बँकेत विचारायची सवय असते; घरात तो विचारू नये. पण साडूभाऊंनी खरं ते सांगितलं. चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात ते सुट्या भागाचे नमुने घेऊन गेले होते. फाटकावरच्या रखवालदाराने त्यांची बारा वर्षांची गाडी बाजूला घ्यायला लावली, डिक्की उघडायला लावली, वहीत नाव, नंबर, कुणाला भेटायचं ते लिहून घेतलं आणि वीस मिनिटं उन्हात उभं केलं. तेवढ्यात एक तारेवाली गाडी आली. रखवालदाराने सलाम ठोकला, दांडी वर गेली, गाडी आत. “आतला माणूस कोण होता माहितेय?” साडूभाऊ म्हणाले, “माझ्याच धंद्यातला! माझ्यापेक्षा लहान वर्कशॉप त्याचं!”

पन्नास लाखांच्या घरातली गाडी माणूस वीस मिनिटांच्या रागावर घेतो, हे मला तेव्हा हास्यास्पद वाटलं. आता तितकंसं वाटत नाही.

ताईंचं, म्हणजे आमच्या हिच्या बहिणीचं म्हणणं निराळं होतं. “कुशाक बघू या की. तीही उंच आहे, चांगली दिसते आणि तीसुद्धा चाकणचीच.” शेवटी दोन्ही पाहायचं ठरलं. पितृपक्ष चालू होता. पितृपक्षात गाडी घेत नाहीत, पण बघायला शास्त्राची हरकत नाही. शिवाय त्या वर्षी शास्त्राच्या जोडीला सरकारही होतं. ३ सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर जाहीर झाले आणि ते लागू व्हायचे होते २२ तारखेला, नेमक्या घटस्थापनेला. त्यामुळे पितर आणि अर्थमंत्री या दोघांच्याही धाकाने शोरूम ओस पडली होती. विक्रेत्या पोरांनी आमचं स्वागत असं केलं, की वर्षश्राद्धाला वेळेवर मिळालेल्या ब्राह्मणाचंही कुणी केलं नसेल.

बरोबर आमचे अण्णा होते. अण्णा १९७३ ते २००९ टेल्कोत फिटर होते. कंपनीचं नाव २००३ साली टाटा मोटर्स झालं, पण अण्णांच्या लेखी ती टेल्कोच.

पहिल्यांदा कुशाक. नाव संस्कृतातल्या ‘कुशक’वरून घेतलंय आणि त्याचा अर्थ राजा, असं कंपनी सांगते. १८९५ साली सायकली बनवण्यापासून सुरुवात केलेल्या एका चेक कंपनीने चिंचवडच्या माणसाला संस्कृत शिकवावं, हा काळाचा महिमा. गाडी २०२१ साली आली. सव्वाचार मीटरला अंमळ कमी लांबी, इंजिन मोठं घेतलं तर १४९८ सीसीचं, दीडशे अश्वशक्तीचं. रस्ता मोकळा असला की यातले चारपैकी दोन सिलिंडर आपोआप विश्रांती घेतात. हे ऐकून मला आमच्या शाखेची आठवण झाली. तिथेही चार काउंटरांपैकी दोन असेच असतात. २०२२ साली ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत हिला मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी पाच तारे मिळाले. सीटमधून गार हवा येते. आम्ही स्पाइन रोडने मोशीपर्यंत गेलो. मागे अण्णा, ताई आणि मधे मी. थोडा दाटलो, पण तो दोष गाडीचा नव्हे, सासुरवाडीच्या पुरणपोळ्यांचा. जाताना सगळे एकदम बोलत होते. ताईंनी वाटेत कोथिंबीर घ्यायला थांबायला सांगितलं, आणि आपण थांबलोही.

जीएलए दुसऱ्या दिवशी पुण्याहून आली. गल्लीत ती शिरणार नव्हती, म्हणून चापेकर चौकात उभी राहिली आणि आम्ही तिच्याकडे गेलो. देवाकडे जातात तसे.

इथे मला जे दिसलं ते सांगायलाच हवं. विक्रेत्या मुलाने मागचं दार उघडलं, आणि अण्णांनी चपला काढल्या.

“आजोबा, राहू द्या, राहू द्या,” मुलगा ओशाळून म्हणाला.

अण्णा काहीच बोलले नाहीत. चपला हातात घेऊन आत बसले. मर्सिडीज कंपनी भारतात आली १९९४ साली, आणि पुढच्याच वर्षी तिची पहिली गाडी जोडली गेली ती पिंपरीला, टेल्कोच्याच आवारात. अण्णांनी ती रोज लांबून पाहिली. आतून कधी नाही. छत्तीस वर्षांत ज्यांच्या हाताखालून किती ट्रक गेले असतील त्याची गणती नाही, ते आमचे अण्णा त्या गाडीत मांडीवर चपला धरून बसले होते. कुशाकमध्ये ते पायात चपला घालून बसले होते आणि सीटची कळ दोनदा ओढून पाहिली होती. एका ताऱ्याची ताकद काय असते हे मला रखवालदाराच्या सलामापेक्षा त्या चपलांनी जास्त कळलं, आणि ते फारसं आवडलं नाही.

पण परीक्षकाने प्रामाणिक राहावं. जीएलए ही अधिक चांगली गाडी आहे. तिचं दार आमच्या बँकेच्या स्ट्राँगरूमच्या दारासारखं लागतं. लागलं की बाहेरचं जग बाहेर. खड्डा आला की तो डोळ्यांना दिसतो, कमरेला कळत नाही. सीट कळीवर हलते आणि मागची बैठक लक्षात ठेवते, जे आमच्या साहेबांनाही जमत नाही. आत शांतता इतकी, की कुणीच बोलेना. सगळे दातांच्या दवाखान्यात बसल्यासारखे सरळ बसलो होतो. कोथिंबिरीचं नाव काढायची ताईंची छाती झाली नाही.

प्रश्न चांगली आहे का हा नव्हे. किती चांगली, हा आहे. आणि इथे माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. मी दोन्ही माहितीपत्रकं घरी आणली आणि रात्री लेजर जुळवतात तशी समोरासमोर मांडली.

लांबी: तारेवाली वीतभरालाही थोडी कमीच जास्त. गिअर: दोन्हीत सात, दोन्हीत दुहेरी क्लचचे. इंजिन: जीएलए २००चं पेट्रोल इंजिन १३३२ सीसी, म्हणजे कुशाकच्या मोठ्या इंजिनापेक्षा लहान! ताकद मात्र १६३ अश्वशक्ती, तेरा जास्त. आणि त्या इंजिनाचं कूळ शोधत गेलं तर ते मर्सिडीजवाल्यांनी रेनोबरोबर भागीदारीत बनवलेलं. त्याच घराण्यातलं इंजिन २०२०मध्ये आपल्याकडे डस्टर गाडीत, चौदा लाखांच्या आत मिळत होतं. सीटचं कातडं: जीएलएचं ‘आर्टिको’ म्हणजे माणसाने बनवलेलं कातडं; कुशाकचंही नकलीच. तेव्हा गाईला दोन्हीकडून अभय. जन्मगाव: चाकण एमआयडीसी, दोघींचंही. दोन्ही कारखाने २००९ साली सुरू झालेले, आणि दोघांच्याही कामगारांच्या बसगाड्या त्याच चाकणच्या कोंडीत अडकतात. फिरंगोजी नरसाळ्याने १६६०मध्ये चाकणचा किल्ला शाइस्ताखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. तळेगाव चौकात संध्याकाळी सहा वाजता उभं राहिलं की खानाला इतका वेळ का लागला असेल याचा अंदाज येतो.

सरकारनेही दोघींना एकाच पंक्तीला बसवलंय: नव्या दराने चाळीस टक्के. गंमत तिच्या धाकट्या बहिणीची. स्कोडाचीच कायलॅक ३९९५ मिलिमीटर लांब, इंजिन हजार सीसीच्या आत, म्हणून तिला अठराच टक्के. चार मीटरच्या आतलं ते लहान, हा नियम २००६च्या अर्थसंकल्पातला. हे मी मोठ्याने वाचलं तेव्हा आमची ही म्हणाली, “चार मीटरला पाच मिलिमीटर कमी, म्हणून बावीस टक्के कर कमी? याच्यापेक्षा जास्त कापड तर शिंपी ब्लाउजच्या शिवणीत दाबतो.” अर्थशास्त्रावर यापेक्षा नेमकी टीका मी बी.कॉम.च्या तीन वर्षांत ऐकलेली नाही.

दुसऱ्या दिवशी साडूभाऊंच्या वर्कशॉपात गेलो. अण्णाही आले. साडूभाऊंच्या टेबलावर काचेखाली एक पिवळा पडत चाललेला कागद होता: व्हीएमसी मशीनचं कोटेशन, वर्षभरापूर्वीचं. संगणकावर चालणारं हे मशीन नाही म्हणून डायचं निम्मं काम साडूभाऊ बाहेरच्या माणसाकडून करून घेतात, त्याच्या दराने आणि त्याच्या तारखेने.

मी म्हणालो, “साडूभाऊ, दोन आकडे लिहून घ्या. पन्नास लाखांच्या गाडीत चौदा लाखांहून जास्त जीएसटी. वर महाराष्ट्राचा तेरा टक्के रस्ता-कर, म्हणजे आणखी साडेसहा. गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळत नाही, कायद्यानेच अडवलंय. मशीनवर भरलेला अठरा टक्के मात्र परत वळता होतो. घसारा दोन्हीवर पंधरा टक्के. इन्कम टॅक्सच्या लेखी दोन्ही सारखीच झिजतात. फरक इतकाच, की एक झिजताना कमावतं.”

“आणि कुशाक?”

“रस्त्यावर येईपर्यंत वीसच्या आसपास. दोन गाड्यांच्या फरकात ते काचेखालचं कोटेशन बसतं.”

साडूभाऊ गप्प बसले. मग जरा चिडून म्हणाले, “तू काउंटरच्या आत बसतोस. फाटकाबाहेर कधी उभा राहिलायस?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या धंद्यात ऑर्डर मिळण्याआधी माणूस बघतात, तिथे गाडी हे व्हिजिटिंग कार्डच असतं. आमच्याच शाखेत मर्सिडीजमधून उतरलेल्या खातेदाराला साहेब केबिनमध्ये नेतात आणि वर्षानुवर्षं हप्ता न चुकवणाऱ्याला मी टोकन देतो. मी हे पाहिलंय. नव्हे, टोकन मीच दिलंय. पन्नास लाखांत निम्मी गाडी असते आणि निम्मे लोक असतात. ते लोक फुकट मिळत नाहीत हे साडूभाऊंना माझ्याआधी कळलं होतं.

अण्णा एवढा वेळ लेथपाशी उभे होते. साडूभाऊंनी त्यांना विचारलं, “अण्णा, तुम्ही सांगा. काम कुठलं चांगलं?”

“दोन्ही गाड्यांच्या दारांच्या फटीतून अंगठा फिरवून पाहिला मी,” अण्णा म्हणाले. “फट वरपासून खालपर्यंत सारखी. दोन्हीकडे पोरांनी काम चोख केलंय.” मग लेथवरच्या मुलाकडे बघून म्हणाले, “या पोराला चांगलं मशीन दिलं तर तोही करील.”

तो मुलगा लाजून चिंधीने हात पुसत राहिला.

दसऱ्याला कुशाक आली. झेंडू, लिंबू, पेढे, सगळं यथासांग झालं. व्हीएमसी दिवाळीनंतर ट्रेलरवरून आलं. त्यासाठी वर्कशॉपचं शटर काढावं लागलं आणि क्रेनवाल्याने कबूल केल्याच्या दुप्पट पैसे घेतले. त्याचीही पूजा झाली. पेढे त्याच दुकानातले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, भर गर्दीच्या वेळी, मी काउंटरवर असताना साडूभाऊंचा फोन आला. ते चाकणला होते. त्याच फाटकावर.

“डिक्की उघडायला लावली,” ते ओरडले. “नवी गाडी! नंबर लिहून घेतला! वीस मिनिटं झाली मी उभा आहे! तू तो मोठा हिशेब मांडलास ना, त्यात ही वीस मिनिटं कुठल्या खात्यात टाकलीस?”

समोर टोकन नंबर सत्तेचाळीस चुळबुळत उभा होता. मी आवाज खाली आणून विचारलं, “भोसरीला मशीन चालू आहे ना आत्ता?”

“चालू आहे की. दुसरी पाळी लावलीय.”

“मग बसा गाडीत. सीटची गार हवा लावा.”