मुखपृष्ठावर नसलेली माणसं

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून मी ‘ललित’चा एक दिवाळी अंक वीस रुपयांना उचलला. आतल्या लेखांसाठी नाही, मुखपृष्ठासाठी. त्यावर माणसांची गर्दी होती. प्रत्येकाची उभं राहायची तऱ्हा वेगळी, आणि चेहरे असे की ही सगळी खरीखुरी, कुठेतरी राहणारी माणसं आहेत हे लगेच कळावं. कोपऱ्यात सही : वसंत सरवटे.

त्या आठवड्यात रूममेटचे बाबा ठाण्याहून भेटायला आले होते. त्यांनी अंक हातात घेतला आणि मुखपृष्ठावरच्या एकेकावर बोट ठेवत नावं घ्यायला सुरुवात केली. हा कवी, हा प्रकाशक, हे समीक्षक, आणि हा त्यांच्याकडे असा का बघतोय माहितीये का? ते खदखदून हसले. मीही हसलो. खोटं. मला एकही माणूस ओळखू आला नव्हता.

त्यानंतर मी सरवटे बरेच पाहिले, वाचले. आज त्यांच्यावर लिहायला बसलोय, तरी ते खोटं हसू विसरलेलो नाही. उलट, त्यांच्या कामाबद्दल मला जे म्हणायचंय ते तिथूनच सुरू होतं.

आधी माणूस. वसंत सरवटे १९२७ साली कोल्हापुरात जन्मले आणि २०१६च्या डिसेंबरमध्ये गेले. शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर, नोकरी एसीसी या सिमेंट कंपनीत. म्हणजे मराठीतला हा एवढा मोठा व्यंगचित्रकार कामाच्या दिवसांत ऑफिसला जाणारा माणूस होता. ही माहिती मला पहिल्यांदा कळली तेव्हा भलताच आनंद झाला. मीही दिवसा कोड लिहितो आणि रात्री चित्रं काढतो. ‘खरा कलाकार नोकरी सोडतो’ असं सांगणाऱ्या सगळ्या रील्सना माझ्याकडे आता एक उत्तर होतं.

पण आनंद बाजूला ठेवून विचारायला हवं की नोकरीने त्यांच्या रेषेला काय दिलं. मला वाटतं, नकार द्यायची सोय दिली. ज्याचं घरभाडं चित्रावर अवलंबून नाही, त्याला संपादकाच्या घाईने काढावं लागत नाही. त्यांच्या चित्रांत घाई नाहीच. रेषा बारीक, सावकाश आणि न थरथरणारी. माणसाचा विनोद ते नाक लांब करून काढत नाहीत. तो माणूस खुर्चीत कसा रुततो, पिशवी कशी धरतो, दुसऱ्याचं बोलणं ऐकताना मान किती अंशात वळवतो, यातून काढतात. हे बघायला वेळ लागतो, आणि तो वेळ त्यांनी पगारावर विकत घेतला होता.

सातासमुद्रापार याच्याशी जुळणारी एक गोष्ट आहे. अमेरिकेत हार्वी पीकर हा क्लीव्हलंडच्या सरकारी हॉस्पिटलात फायली लावणारा कारकून होता. त्याला चित्र काढता येत नव्हतं. १९७६ साली त्याने स्वतःच्या खर्चाने ‘अमेरिकन स्प्लेंडर’ नावाचं कॉमिक छापलं. तो लिहायचा, रॉबर्ट क्रमसारखे दोस्त चित्रं काढायचे. पुढे नाव झालं, तरी निवृत्तीपर्यंत त्याने कारकुनी सोडली नाही. अमेरिकेतल्या ‘पर्यायी कॉमिक्स’चा तो एक आधारस्तंभ मानला जातो. फरक एवढाच की पीकरने ती कारकुनीच कॉमिकमध्ये आणली : सहकारी, रांगेतली म्हातारी, बंद पडलेली गाडी. सरवट्यांची मी पाहिलेली चित्रं मात्र ऑफिसपेक्षा दुसऱ्या एका जगात जास्त रमतात, आणि ते जग म्हणजे मराठी साहित्याचं.

ते जग छोटं होतं. १९६४ साली मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळ्यांनी ‘ललित’ सुरू केलं. पुस्तकांबद्दलचं मासिक. त्यात ‘ठणठणपाळ’ या नावाने एक सदर यायचं, आणि त्यात लेखक-प्रकाशकांची यथेच्छ टिंगल असायची. लिहिणारे जयवंत दळवी, पण हे नाव बरीच वर्षं गुपित होतं. सरवट्यांनी ठणठणपाळ काढला तो हातात भलाथोरला हातोडा देऊन. यातली गंमत पाहा. ज्या वर्तुळात प्रत्येकाचा चेहरा प्रत्येकाला पाठ, तिथे एकाच माणसाचा चेहरा कुणाला माहीत नव्हता, आणि नेमका तोच सरवट्यांना मनाने तयार करावा लागला. लोकांनी मग त्या चित्रालाच लेखक मानलं. आजच्या भाषेत सांगायचं तर दळव्यांचं अकाउंट निनावी होतं आणि त्याचा डीपी सरवट्यांनी काढून दिला होता.

अशा घट्ट वर्तुळात विनोदाला एक सोय मिळते. काहीच समजावून सांगावं लागत नाही. नुसती मान तिरकी काढली की वाचक म्हणतो, ‘अरे, हा तर तो!’ ‘ललित’च्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं सरवट्यांनी वर्षानुवर्षं केली आणि त्यांची सगळी ताकद या ओळखीत आहे. ठाण्याच्या काकांना जे हसू आलं ते चित्राचं होतंच, पण ‘मी या घरातला आहे’ याचंही होतं.

आणि इथेच माझी तक्रार आहे. हातोडा मोठा होता, पण तो पडायचा ओळखीच्याच डोक्यांवर. ज्याच्यावर पडला तो दुखावला असेल, पण आपण त्या चित्रात आहोत याचं त्याला सुखही झालं असणार. मुखपृष्ठावर असणं हाच एक मान होता. मग ज्याची मुखपृष्ठावर यायची शक्यताच नाही, त्याचं काय? गावाकडचा माणूस मराठी व्यंगचित्रांत नव्हता असं नाही. पण मी जुने दिवाळी अंक चाळले, तेव्हा तो बहुतेक वेळा फेट्यासकट आला आणि नावाशिवाय गेला. शहरातल्या माणसाला स्वतःचं नाक मिळालं, गावातल्याच्या वाट्याला नुसता पोशाख आला.

हे मला टोचतं, कारण मी सिद्धेश्वरचा आहे. हिंगोली जिल्हा, औंढा तालुका. आमच्या गावाचं नाव बाहेर कुणाला माहीत असेल तर ते धरणामुळे. पूर्णा नदीवर वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. कालव्याच्या पाण्यावर खालची वसमतकडची शेतं हिरवी झाली, त्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण लहानपणी आज्जी मला काठावर घेऊन जायची आणि पाण्याकडे बोट दाखवून म्हणायची, “त्या तिथं आपली विहीर होती.” मला नुसतं पाणी दिसायचं. चित्र काढावंसं मला पहिल्यांदा तिथे वाटलं. दिसत नाही ते दाखवायचं, एवढंच तेव्हा कळत होतं.

धरणाचं चित्र मी पुढे मराठीत शोधलं. मला सापडलं ते इंग्रजीत. ओरिजित सेन यांचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’, १९९४ सालचं. नर्मदेवरच्या धरणांची आणि तिथल्या आदिवासींच्या लढ्याची ही चित्रकथा ‘कल्पवृक्ष’ या पर्यावरणाचं काम करणाऱ्या गटाने छापली होती. पुढे ती कितीतरी वर्षं बाजारात मिळत नव्हती. २०२२ साली चेन्नईच्या ब्लाफ्टने पुन्हा काढली तेव्हा मी घेतली. त्यात विष्णू नावाचा शहरी पत्रकार आहे, घरकाम करणारी रेलकू आहे आणि सृष्टीच्या जन्माची कथा गाणारा मलगू गायन आहे. पत्रकाराची गोष्ट एका हाताने काढल्यासारखी, गायकाची दुसऱ्या. रेषेची जात बदलली की काळ बदलतो. सरवट्यांच्या चौकटीत न मावणारी गोष्ट इथे मावली, कारण सेन यांनी चौकटच मोडली. एका चित्रातला एक विनोद धरणाला पुरत नाही. त्याला पानं लागतात.

सेन यांचंही एक वर्तुळ होतं. सारनाथ बॅनर्जी, विश्वज्योती घोष, पारिस्मिता सिंग, अमिताभ कुमार आणि ते स्वतः अशा पाच जणांनी दिल्लीत ‘पाओ कलेक्टिव्ह’ केलं. २०१२ साली त्यांनी एक संकलन काढलं. एकमेकांची कामं पाहायची, छापायला जागा नाही तर मिळून जागा करायची, असा त्यांचा बेत. ‘ललित’च्या वर्तुळाशी तुलना केली तर इथे विषय मोकळे होते आणि आकारही. पण दार इथेही होतं, इंग्रजीचं. म्हणजे एका वर्तुळाची भाषा माझी, पण माणसं माझी नाहीत. दुसऱ्यात माणसं माझी, पण भाषा नाही.

गेल्या दिवाळीत गावी गेलो, तेव्हा ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ची काही पानं आज्जीला दाखवली. तिला इंग्रजी येत नाही, मराठीही अडखळत वाचते. तिने चित्रं वाचली. बराच वेळ बघून म्हणाली, “बाई बरोबर काढली. पण पाणी चढायलं की आधी साप-विंचू भाईर येतेत. ते कुठंयत?”

मी काहीच बोललो नाही. तिने दाखवलेल्या पानांवर ते नव्हते एवढं खरं. सेन यांची चूक म्हणून हे सांगत नाही, त्यांची गोष्ट वेगळ्या नदीची आणि वेगळ्या लोकांची आहे. सांगतोय ते माझ्या स्वतःच्या कामासाठी. कारण त्याआधी सहा महिने मी आमच्या धरणावर आठ पानांचं एक कॉमिक केलं होतं, झेरॉक्स काढून, मधोमध स्टेपल मारून. आमचा चित्रं काढणाऱ्या सहा-सात जणांचा एक ग्रुप आहे. सगळे नोकरीवाले. एकमेकांची पुस्तिका विकत घेतो, एकमेकांच्या स्टॉलवर बसतो. पैसे फिरून परत आपल्याच खिशात येतात. माझं कॉमिक सगळ्यांनी घेतलं. सगळे म्हणाले, ‘भारी.’ कुणीही विचारलं नाही की साप कुठे आहेत.

दोष त्यांचा नाही. त्यांना पाणी चढताना माहीत नाही, आणि मित्राचं काम मोडून काढायला जीव होत नाही. आठ पानं काढायला तीन महिन्यांच्या रात्री गेल्या हे त्यांना दिसतं. छोट्या वर्तुळाचा जिव्हाळा हाच त्याचा आधार असतो आणि तोच त्याचा घातही करतो. वर्तुळ नसतं तर मी दुसरं पान काढलंच नसतं. पण नुसतं वर्तुळच असतं, तर मी आयुष्यभर त्याच चुका सुबक करत बसलो असतो.

या जागी मला सरवटे पुन्हा वेगळे दिसायला लागतात. ते वर्तुळात होते, पण नुसते काढत बसले नाहीत. त्यांनी लिहिलं. ‘परकी चलन’मध्ये परदेशातल्या व्यंगचित्रकारांशी मराठी वाचकाची ओळख करून दिली. ‘व्यंगकला-चित्रकला’मध्ये व्यंगचित्र म्हणजे नेमकं काय, ते चित्र म्हणून कसं बघायचं, याची मांडणी केली. आपल्या घरात त्यांनी बाहेरचे पाहुणे आणून बसवले आणि सांगितलं, आता आपलं काम यांच्या शेजारी ठेवून बघा. मित्रांच्या ‘भारी’वर एवढाच उपाय असतो.

आणि माझ्या तक्रारीवरही त्यांनी नकळत एक उतारा ठेवलाय. चेहरे मला ओळखता आले नाहीत, पण बघायचं कसं हे त्यांनी लिहून ठेवलं होतं, म्हणून मला उशिरा का होईना आत शिरता आलं. त्यांच्या चित्रांचे एक जाणते संग्राहक आणि अभ्यासक मधुकर धर्मापुरीकर नांदेडचे आहेत, ‘रेषालेखक वसंत सरवटे’ या पुस्तकाच्या संपादकांपैकी एक. ठाण्याच्या काकांसमोर मी खोटं हसत होतो, तेव्हा ही रेषा नीट वाचणारा एक माणूस आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात होता. मुखपृष्ठावर मराठवाडा असो-नसो, वाचकांत होता.

म्हणून स्वतंत्र व्यंगचित्रकार म्हणजे नोकरी सोडलेला, किंवा प्रकाशक नसलेला, असं मला आता वाटत नाही. आपल्या कामातली चूक दाखवू शकेल असा एक तरी माणूस ज्याने वर्तुळाबाहेरून मिळवलाय, तो मला स्वतंत्र वाटतो. सरवट्यांनी असे सोबती परदेशी पुस्तकांत शोधले. माझ्या नशिबाने मला घरातच मिळाला.

ते आठ पानांचं कॉमिक मी नंतर आज्जीला दाखवलं. तिसऱ्या पानावर पाण्याखाली गेलेली विहीर आहे, छान गोल, कडेने दगडी. माझ्या ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त कौतुक त्याच पानाचं झालं होतं. आज्जीने मोबाईल डोळ्यांजवळ धरला, बोटांनी चित्र मोठं केलं.

“ही कुणाची हीर?”

“आपली.”

“आपली नव्हं ही. आपलीला पायऱ्या होत्या. खाली उतरून घागर भरायचो आम्ही.”

किती पायऱ्या, म्हणून विचारलं. ती मोजायला लागली, दोनदा चुकली, मग हाताने उंची दाखवली. मी तिच्यासमोरच कागद घेतला. तिसरं पान आता नव्याने काढतोय. साप चौथ्या पानावर येतील.