इंटरनेटला म्हणायचं काय?

२ जानेवारी २०२५ रोजी सिनसिनाटीच्या फेडरल अपील न्यायालयाने नेट न्यूट्रॅलिटीचे नियम रद्द केले. बातमी आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आपल्या घरचं वायफाय पूर्वीसारखंच चालू होतं, त्यामुळे फारशी चर्चाही झाली नाही. पण ते निकालपत्र वाचण्यासारखं आहे. युक्तिवाद नेटका आहे; माझी तक्रार एवढीच, की तो खऱ्या प्रश्नाला हातच लावत नाही.

थोडी पार्श्वभूमी. १९३४च्या कायद्याने टेलिफोन कंपनी ‘कॉमन कॅरियर’ ठरली, म्हणजे आपल्या एसटीसारखी: तिकीट काढलं की बसू द्यायचं, कुणाकडे निघालात ते विचारायचं नाही. १९९६च्या कायद्याने ‘माहिती सेवा’ हा वेगळा वर्ग केला. त्याला हे बंधन नाही. मग एफसीसीने ब्रॉडबँड २०१५मध्ये पहिल्या वर्गात टाकलं, २०१७मध्ये दुसऱ्या, २०२४मध्ये पुन्हा पहिल्या. तिन्ही वेळा मतदान ३ विरुद्ध २, पक्षाच्या रेषेवर. अशा कोलांटउड्यांवर न्यायालयाने भरवसा ठेवला नाही, हे समजू शकतं. शिवाय जून २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोपर ब्राइट खटल्यात सांगितलंच होतं, की कायद्यातल्या संदिग्ध शब्दांचा अर्थ न्यायाधीशांनी स्वतः लावावा. तो त्यांनी लावला: इंटरनेट कंपनी माहिती मिळवण्याची, साठवण्याची क्षमता पुरवते, म्हणून ती ‘माहिती सेवा’.

आता १९९६ आठवा. तुम्ही तेव्हा इथे असाल, तर मोडेमचा तो किरकिराट अजून कानात असेल. तार फोन कंपनीची; ईमेल आणि बातम्या एओएलच्या. एओएल नको असेल तर दुसऱ्या कंपनीचा नंबर फिरवा, फोन कंपनी अडवू शकत नसे. ‘माहिती सेवा’ मोकळी सोडणं तेव्हा परवडत होतं, कारण खालची तार बांधलेली होती. आज तारेच्या मालकालाच ‘माहिती सेवा’ म्हटलं, की तारेवरचं बंधन सुटतं. मग ते कुणी पाळायचं? याचं उत्तर निकालात नाही.

‘२०१७नंतर तरी काय बिघडलं?’ असं तुम्ही विचाराल. आकाश कोसळलं नाही, हे खरं. पण कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनने २०१८मध्ये स्वतःचे कायदे केले, हेही खरं. आणि धोका काल्पनिक नाही: २००७मध्ये कॉमकास्ट बिटटोरंटची वाहतूक गुपचूप अडवताना पकडली गेली. एफसीसीने तिला रोखलं, तर २०१०मध्ये न्यायालय म्हणालं, तुम्हाला तो अधिकारच नाही.

भारतात हाच वाद वेगळ्या दिशेने गेला. डिसेंबर २०१५मध्ये झुकरबर्ग यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लेख लिहून फ्री बेसिक्सची बाजू मांडली. त्यात दाखला होता महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा, जो फुकटात हवामान आणि बाजारभाव बघतो. दाखला मनाला भिडणारा होता. पण त्या शेतकऱ्याने फुकटात कोणत्या साइट बघायच्या, हे ठरवणार कोण? ८ फेब्रुवारी २०१६ला ट्रायने नियम काढला: मजकूर बघून डेटाचे वेगवेगळे दर लावायचे नाहीत. सेवेला नाव काय द्यायचं यापेक्षा कंपनीने काय करू नये, हे आधी ठरवलं. इथल्या काँग्रेसने नेमकं तेच करायला हवं. एफसीसीच्या मतदानावर सोडलेला नियम दर निवडणुकीनंतर पालटणारच.

तोवर चित्र असं आहे: तुम्ही फ्रीमाँटला राहत असाल तर राज्याचा कायदा तुमच्या पाठीशी आहे, डॅलसला राहत असाल तर नाही. नेटफ्लिक्स दोन्हीकडे नीट चालेल, कारण त्याच्याकडे वाटाघाटी करायला वकील आणि पैसा दोन्ही आहेत. हौसेने चालवलेलं मराठी मासिक, एखाद्या मंडळाची वेबसाइट, ऑनलाइन दिवाळी अंक यांच्या बाजूने बोलायला कुणी नाही. त्यांची पानं मोठ्यांच्या बरोबरीने तुमच्यापर्यंत पोचतात ती केवळ रिवाज म्हणून. तुमच्या काँग्रेस प्रतिनिधीला लिहिताना हे जरूर लिहा.