मेदाची प्रतिमा आणि सौम्यतेचा निर्णय

कातडीखालील चरबीच्या गाठीविषयी ‘प्रतिमेवरून गाठ सौम्य ठरली’ असे विधान इतक्या सहजपणे केले जाते की, त्यात दोन निराळे निर्णय एकवटले आहेत याचे भान सुटते. गाठ मेदाची आहे, हा एक निर्णय. ती निरुपद्रवी आहे, हा दुसरा. पहिला देण्याचा अधिकार प्रतिमेला निःसंशय आहे. दुसरा देण्याचा कितपत आहे, हे तपासले पाहिजे.

हाउन्सफील्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सी.टी.च्या मोजपट्टीवर पाण्याचा अंक शून्य, तर मेदाचा सुमारे उणे १०० असतो. एम.आर.आय.मध्ये मेदाचा संकेत दडपला की गाठही भोवतालच्या चरबीबरोबर काळवंडते. सोनोग्राफीची साक्ष मात्र इतकी एकमुखी नाही. तीत तीच गाठ कधी भोवतालाहून उजळ, तर कधी मंद दिसते.

दुसऱ्या निर्णयाच्या संदर्भात क्रान्सडॉर्फ व त्यांचे सहकारी यांचा ‘रेडिऑलॉजी’तील २००२ चा निबंध महत्त्वाचा आहे. ३५ साधी मेदार्बुदे आणि साध्या चरबीशी कमालीचे साम्य असणारे २५ लायपोसार्कोमा यांची तुलना करून त्यांनी संशयाची लक्षणे नोंदविली : १० सें.मी.हून मोठा आकार, जाड पडदे, गाठीतील मेदेतर भाग. परंतु निबंधाचे खरे मोल या यादीत नसून त्यातील कबुलीत आहे. मेदाचा ऱ्हास, तंतुमयता इत्यादी कारणांनी कित्येक साध्या गाठींतही मेदेतर भाग ठळक दिसला होता. यादी स्वीकारून ही कबुली गाळणारा वाचक निरुपद्रवी गाठीलाही मारक ठरवील, आणि रुग्णाला अनावश्यक मोठ्या शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. सूक्ष्मदर्शकाखाली एकच असणारे अर्बुद हातापायात असल्यास ‘विलक्षण मेदार्बुद’ म्हणविते, तर उदराच्या मागील पोकळीत असल्यास ‘लायपोसार्कोमा’. कारण पहिले समूळ काढता येते, दुसरे सहसा येत नाही. म्हणजे सौम्यता हा केवळ दृश्य गुण नव्हे. ती स्थान आणि उपचार यांवरही अवलंबून असते. संशय उरल्यास ऊतीतील एम.डी.एम.२ या जनुकाची वाढलेली संख्या तपासावी लागते, आणि ती छायाचित्रात उमटत नाही.

म्हणून अहवालात ‘सौम्य गाठ’ असे न लिहिता ‘मेदाची गाठ, संशयाची लक्षणे आढळली नाहीत’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक होय. लहान, वरवरच्या गाठीस एवढे विधान बहुधा पुरते. खोल व मोठ्या गाठीच्या बाबतीत मात्र ते निर्णय नव्हे, पुढील तपासाचा आरंभ मानले पाहिजे.