'ख्रिस्तपुराणा'तील एक शब्द

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' इ. स. १६१६ मध्ये साष्टीतील राशोल येथे छापले गेले. पेडणे व डिचोली हे महाल पोर्तुगीज अमलाखाली कायमचे आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. आज या महालांत मराठी श्रोत्यांपुढे हा ग्रंथ वाचणाऱ्या धर्मशिक्षकाने 'पाप' या शब्दापाशी थांबावे, असे आम्हांस वाटते. (ओवीच्या गोडीत सहसा कोणी थांबत नाही, ही गोष्ट वेगळी.) पुराणश्रवणात वाढलेल्या श्रोत्यास पाप म्हणजे भोगून फेडावयाचे कर्मफळ. स्टीफन्स यांनी 'वैकुंठ', 'मुक्ती' हे शब्द त्याच परंपरेतून घेतले, आणि ते योग्यच केले. परंतु शब्दामागोमाग त्याचा जुना अर्थही येतो. आदामाच्या वाट्याला आलेले कष्ट व मरण भोगल्याने पाप फिटत नाही. दाविदास क्षमा मिळाली, तरीही त्याचे मूल दगावले (२ शमुवेल १२). हा भेद एकट्या शब्दातून उमगणार नाही. ग्रंथाच्या रचनेतून मात्र उमगतो. पहिले पुराण जुन्या कराराचे असले, तरी पोर्तुगीज शीर्षकात दोन्ही भागांचा विषय एकच सांगितला आहे, तो म्हणजे तारणाऱ्या येशू ख्रिस्ताचे जगात आगमन. म्हणून आदामाची कथा वाचावयास घेताना दुसऱ्या पुराणातील एखादा प्रसंग त्याच बैठकीस वाचावा.